स्वतंत्र भारत पक्ष: सभेला लाख माणूस, पेटीत मत का नाही?

उन्हाळ कांदा (धागालेखक)

इथे पक्षांवर धागे खूप येतात, पण एका पक्षावर मला आजवर एकही सापडला नाही. स्वतंत्र भारत पक्ष. स्थापना १९९४, संस्थापक शरद जोशी. त्याच्या मागे उभी होती शेतकरी संघटना, जिने ऐंशीच्या दशकात चाकण, नाशिक, निपाणीपासून विदर्भापर्यंत रस्ते अडवले, रेल्वे रोखल्या, तुरुंग भरले. लाल बिल्ला छातीवर लावलेली माणसं मी लहानपणी गावात रोज बघायचो. एवढी ताकद असलेल्या संघटनेच्या पक्षाचा २००४ च्या विधानसभेत एकच आमदार निवडून आला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याहून वामनराव चटप. आज पंचविशीतल्या मतदाराला पक्षाचं नाव सांगितलं तर तो विचारतो, "हा कुठला?"

आधी थोडी मागची गोष्ट सांगतो, कारण हा पक्ष एका जुन्या धाग्याला जोडलेला आहे.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. तिथे संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला: जमिनी एकत्र करायच्या, कसायच्या सगळ्यांनी मिळून. त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. रंगा अध्यक्ष झाले. क. मा. मुन्शी, होमी मोदी, व्ही. पी. मेनन ही मंडळीही होती. म्हणणं साधं होतं. जमीन शेतकऱ्याची, तिच्यावर हक्क त्याचा. सरकारने कारखाने चालवू नयेत, परवाने वाटत बसू नये. 'लायसन्स-परमिट राज' हा शब्द राजाजींमुळेच घराघरात गेला. १९६२ ला लोकसभेत १८ जागा, १९६७ ला ४४. ओरिसात १९६७ ला जन काँग्रेसबरोबर सरकारही आलं. १९७१ च्या लाटेत ८ वर आले, १९७२ च्या डिसेंबरात राजाजी गेले आणि १९७४ ला पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विरून गेला.

वीस वर्षांनी शरद जोशींनी नाव मुद्दाम तेच घेतलं. कार्यक्रमही बराचसा तोच: जमीन धारणेवरची मर्यादा काढा, साठ्यावर मर्यादा घालणारा आवश्यक वस्तू कायदा काढा, निर्यातबंदी आणि माल जिल्ह्याबाहेर नेऊ न देणारी जिल्हाबंदी काढा, नवं तंत्रज्ञान शेतकऱ्यापर्यंत येऊ द्या. पुढे बीटी कापसाच्या बाजूनेही ते उघड उभे राहिले.

आता माझा प्रश्न. शेतकऱ्याला ही भाषा कळत नव्हती, असं काही शहाणे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कांद्याचा भाव दिल्लीच्या एका कागदाने पडताना पाहिलाय, त्याला सरकारचा हात काय असतो हे पुस्तक न वाचता समजतं. मग मत का नाही दिलं?

माझं मत असं. सभा भरल्या त्या भावासाठी. "भीक नको, हवे घामाचे दाम" या घोषणेत माणसाला काहीतरी मिळणार होतं. पक्ष मात्र म्हणत होता की आम्ही निवडून आलो तर सरकार तुमच्या वाटेतून बाजूला होईल. निवडणुकीत बाकी सगळे काही ना काही देत असतात: वीजबिल माफी, कर्जमाफी, अनुदान. त्या रांगेत "आम्ही काही देणार नाही, फक्त अडवणार नाही" असं सांगणारा उभा राहिला, तर त्याचं म्हणणं कितीही खरं असो, मतदार त्याच्याकडे वळत नाही. भाव आणि स्वातंत्र्य या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत, हे जोशीसाहेबांच्या मनात स्वच्छ होतं. गावातल्या कार्यकर्त्यापर्यंत ते पोचलं होतं का, याची मला शंका आहे.

जाणकारांनी लिहावं. विशेषतः विदर्भातल्या लोकांनी.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. सविस्तर लिहीन.

वर्धाकाठ

विदर्भातल्यांना हाक मारलीत म्हणून लिहितो. आमचं गाव राजुऱ्याच्या बाजूचं. तुम्ही विचारता मत का नाही, मी विचारतो राजुऱ्याने का दिलं? उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. पिकवलेला कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावर घालायचा. व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. केंद्रावर गाड्यांची रांग लागायची. बैल सोडून माणसं तिथेच चूल मांडायची, रात्र काढायची. नंबर लागला की ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, यायचा, गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस उपसायचा, उजेडात धरायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर वर्षभराचा हिशोब ठरायचा. वर पैसे हातात नाहीत, चुकारा हप्त्याने येणार. तोवर सावकार दारात.

आणि आमच्या इथे नदीपलीकडे आदिलाबाद. तेव्हा आंध्र, आता तेलंगणा. तिकडे खुला बाजार, भाव जास्त असला की रोख पैसे. पण पलीकडे जायचं तर नाका. स्वतःच्या शेतातला कापूस घेऊन निघालेला माणूस रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंट्या काढून ठेवायचा, आवाज नको म्हणून. पकडला तर कापूस जप्त. चोरी काय केली त्याने? दुसऱ्याच्या वावरातला तर आणला नव्हता!

म्हणून आमच्याकडे शरद जोशी "बंदी उठवा" म्हणाले तेव्हा कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. बंदी आम्ही डोळ्यांनी बघत होतो, तिला खाकी गणवेश होता, तिला दोन बांबू आणि एक दोर होता. भाव आणि स्वातंत्र्य वेगळे नव्हते, कारण नाक्याच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा.

तुमच्या कांद्याची बंदी कुठे दिसते? दिल्लीत अधिसूचना निघते, इकडे लिलावात भाव कोसळतो. मध्ये कोणी माणूस उभा नसतो ज्याच्याकडे बोट दाखवावं. त्यामुळे राग व्यापाऱ्यावर निघतो, अडत्यावर निघतो. माझं म्हणणं एवढंच की जिथे बंधन दिसत होतं तिथे पक्ष रुजला.

आणखी एक. १९९० ला संघटनेची काही माणसं जनता दलाच्या चिन्हावर आमदार झाली होती. मोरेश्वर टेमुर्डे तर विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे माणसं तीच, भाषा तीच, पण मोठ्या पक्षाचं चिन्ह असताना निवडून आली. स्वतःचं चिन्ह घेतल्यावर वाताहत झाली. हा मुद्दाही विसरू नका.

मुंबईकर_७७

वर्धाकाठ भाऊ, प्रतिसाद अतिशय आवडला. घंट्यांची गोष्ट पहिल्यांदाच ऐकली.

मूळ स्वतंत्र पक्षाबद्दल मात्र माझं मत कडू आहे. तो राजेरजवाड्यांचा आणि गिरणीमालकांचा पक्ष होता, असंच आमच्या घरात बोललं जायचं. जयपूरच्या गायत्रीदेवी, ओरिसाचे सिंगदेव, इकडे होमी मोदी. गरीब माणसाने अशांना का मत द्यावं? तेव्हाच्या लोकांचा संशय अगदीच चुकीचा होता का?

तळटीप

@मुंबईकर_७७, संशयाला आधार होता. राजस्थान आणि ओरिसात पक्षाला जागा मिळाल्या त्यात संस्थानिकांच्या वजनाचा वाटा मोठा होता, हे नाकारता येणार नाही. पण गुजरात बघा. तिथे पक्ष उभा राहिला तो भाईलालभाई पटेलांसारख्या माणसाच्या जोरावर. हे वल्लभ विद्यानगर उभारणारे भाईकाका. मागे चरोतरचा पाटीदार शेतकरी. आंध्रात रंगा हे आयुष्यभर शेतकऱ्यांचं संघटन केलेले. तेव्हा "राजे आणि शेठजी" हे अर्धच चित्र आहे.

महाराष्ट्राचं काय? पक्षाची तयारीची परिषद ऑगस्ट १९५९ मध्ये मुंबईतच झाली. मसानी मुंबईचे, १९४३ ला इथले महापौर होते. तरी लोकसभेत जाण्यासाठी १९६३ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी राजकोट गाठलं. मुंबईत जन्मलेला पक्ष महाराष्ट्रात रुजला नाही. याची कारणं मला तरी त्या वर्षातच दिसतात. १९५९ ला महाराष्ट्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होता. विरोधी पक्षांची सगळी जागा समितीने व्यापलेली, त्यात शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणणाऱ्यांत मुंबईतला भांडवलदार वर्ग होता, अशी भावना पक्की होती. अशा वेळी मुंबईच्या पारशी-गुजराती उद्योगपतींची नावं घेऊन येणाऱ्या पक्षाचं इथे कोण ऐकणार? १९६० नंतर यशवंतराव चव्हाणांनी सहकाराचं जाळं विणलं आणि गावातला महत्त्वाकांक्षी तरुण सोसायटी, कारखाना, जिल्हा परिषद या वाटेला लागला.

आणखी एक खोलातलं कारण. मराठी उदारमतवादाचा वारसा मोठा आहे, लोकहितवादी, रानडे, आगरकर, गोखले. पण आर्थिक बाबतीत हा वारसा मुक्त व्यापाराचा नाही. रानड्यांनी १८९२ ला डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात नेमकं हेच मांडलं होतं: इंग्लंडात लिहिलेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लावता येणार नाहीत आणि उद्योग उभारायला सरकारने पुढे आलं पाहिजे. परक्या सरकारच्या काळात त्यांना ते पटलं असणं मी समजू शकतो. पण परिणाम असा झाला की मराठी सुशिक्षित माणूस विचारस्वातंत्र्य, स्त्रीशिक्षण, जातिभेद यांत उदारमतवादी आणि अर्थकारणात सरकारवादी, असाच घडत गेला. शरद जोशींनी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला, आणि तोही पुण्या-मुंबईच्या सभागृहात बसून केला नाही. आंबेठाणला कोरडवाहू जमीन विकत घेऊन, स्वतः कसून, तोटा कसा होतो याचा हिशोब मांडून केला. बर्नची आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून आलेला माणूस होता तो. माझ्या मते रानड्यांनंतर महाराष्ट्रात अर्थकारणावर इतका मूळचा विचार फार थोड्यांनी केला.

सहकारवाला

सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी सांगलीकडचा, घरात तीन पिढ्या ऊस.

सरकार बाजूला झालं असतं तर आमच्याकडे काय झालं असतं? कारखान्याला सरकारने भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली, म्हणून कारखाना उभा राहिला. कारखाना आला म्हणून शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज, दवाखाना आला. माझे आजोबा कारखान्याला खंडाने जमीन देणारे खंडकरी नव्हते, कूळ होते. कूळ कायदा नसता तर आज मी दुसऱ्याच्या बांधावर असतो. जमीन धारणेच्या मर्यादेवर तुमचा पक्ष एवढा राग धरतो, पण कोरडवाहूला चौपन्न एकर आणि बारमाही बागायतीला अठरा एकर ही मर्यादा आज लागते कोणाला? राज्यातली सरासरी धारणा दीड हेक्टरच्याही आत आली आहे. ज्याच्याकडे अडीच एकर आहे त्याच्यापुढे जाऊन "मर्यादा उठवा" म्हणणारा पक्ष मोठ्या जमीनदारांचा वाटला तर दोष कोणाचा?

हमीभावाचंही तेच. खुल्या बाजारात तूर पडली, सोयाबीन पडलं की हेच शेतकरी सरकारी खरेदी सुरू करा म्हणून मोर्चा काढतात. त्या दिवशी मुक्त बाजारवाला पक्ष कुठे उभा राहणार?

आणि ज्यांनी संघटना पाहिली ते राजू शेट्टींना विसरणार नाहीत. २००४ ला जोशीसाहेब भाजप-शिवसेनेच्या बाजूला गेले म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली, स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली, आणि उसाच्या दरावर लढून लोकसभेत गेले. म्हणजे शेतकऱ्याने चळवळीला मत दिलंच की. तुमच्या तत्त्वज्ञानाला नाही दिलं.

उन्हाळ कांदा (धागालेखक)

सहकारवाला, मनापासून आभार. अशा प्रतिसादासाठीच धागा काढला होता. शेवटचं वाक्य तर माझ्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

कुळाला जमीन मिळाली ती योग्यच झाली, कसणाऱ्याला मालकी मिळाली. मालकी हा तर या पक्षाचा पाया आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. मालकी दिली आणि तिच्यातून एकेक हक्क काढून घेतला. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, कूळ कायद्याचं कलम ६३. म्हणजे अडीच एकरवाल्याला शेती सोडून मुलाला दुकान घालून द्यायचं असेल तर गिऱ्हाईक कोण? शेजारचा शेतकरी, जो स्वतः अडचणीत आहे. भाव पडणारच. गावातल्या दहा पोरांनी शेतकरी कंपनी काढून शंभर दीडशे एकर एकत्र घ्यायची म्हटली तर मर्यादा आडवी येते. मर्यादा आज मोठ्यांना लागत नाही हे खरं, पण लहानांना मोठं होऊ देत नाही हेही तितकंच खरं. आणि या कायद्यांविरुद्ध मूलभूत हक्क मोडला म्हणून कोर्टात जायची सोय ठेवली नाही. १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती करून नववं परिशिष्ट आणलं, सुरुवातीला त्यात १३ कायदे होते, आज २८४ आहेत, आणि त्यातले बहुतेक जमिनीचे. १९७८ ला तर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच गेला.

उसाबद्दल एक विचारतो. दोन कारखान्यांतलं हवाई अंतर सरकार ठरवतं. अनेक वर्षं झोनबंदी होती, ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा. वर्धाकाठ यांचा कापूस आणि तुमचा ऊस यात नाक्याचाच काय तो फरक. तुमच्या कारखान्याने शाळा काढली हे मोठं काम आहे. पण ती शाळा तुमच्या उसाच्या दरातून निघाली, हेही सभासदाला सांगायला हवं होतं.

हमीभावाचं तुमचं बोट मात्र बरोबर दुखऱ्या जागी आहे. ऐंशी साली संघटनेची एककलमी मागणी होती: उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. जोशींचा युक्तिवाद असा की सरकार निर्यातबंदी, आयात, लेव्ही (सरकारची सक्तीची खरेदी) लावून भाव मुद्दाम पाडतं. 'उणे सबसिडी' म्हणतात ती हीच. हात काढला तर भाव आपोआप मिळेल. नव्वदनंतर जागतिक व्यापार खुला करणारा डंकेल प्रस्ताव आला तेव्हा कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामी विरोधात रस्त्यावर, आणि शरद जोशी बाजूने. तर्क तोच, सरळ पुढे नेलेला. पण ज्याने दहा वर्षं "सरकारने भाव द्यावा" असं ऐकलं होतं, त्याला हा घूमजाव वाटला. ते समजावून सांगायला गावोगाव जे काम हवं होतं ते झालं नाही, आणि तोवर निवडणूक तोंडावर आली.

चांदवडची लेक

एवढे प्रतिसाद आले आणि बाईचा उल्लेख नाही. म्हणून लिहिते.

नोव्हेंबर १९८६ ला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिलांचं अधिवेशन झालं. लाखाच्या वर बायका. माझी आई गेली होती, मला कडेवर घेऊन. ती आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय, सासूशिवाय गावाबाहेर राहिली ती त्या रात्री. तिथे जे ठराव झाले त्यांतून पुढे लक्ष्मीमुक्ती आली: नवऱ्याने स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. सरकारने सक्ती केली नव्हती, अनुदान नव्हतं, हप्ता नव्हता. आमच्या वडिलांनी केलं. तलाठ्याकडून सातबारा आणला आणि आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिने मला बोट ठेवायला सांगितलं, माझं नाव कुठे लिहिलंय दाखव म्हणाली. मी शाळेत जायला लागले होते, दाखवलं. मग तिने तो कागद देवघरात न ठेवता पिठाच्या डब्यामागे ठेवला, कारण देवघर सासूच्या ताब्यात होतं.

तुम्ही सगळे विचारताय की या विचाराने कोणाला काय दिलं. आमच्या घरात हे दिलं. पुढे वडील गेल्यावर काकांनी वाटणीचा वाद काढला तेव्हा आई त्या एका कागदावर उभी राहिली.

आता अवघड भाग. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. बाजूने १८६, विरोधात १. तो एक म्हणजे शरद जोशी. मला त्या दिवशी खूप राग आला होता. चांदवड घडवणारा माणूस बायकांच्या विरोधात मत देतो? नंतर त्यांचं म्हणणं नीट वाचलं. आक्षेप असा की मतदारसंघ फिरते राहणार, सोडतीने ठरणार, म्हणजे निवडून आलेल्या बाईला पुढच्या वेळी त्याच ठिकाणी उभं राहता येईल याची खात्री नाही. मग ती मतदारसंघात काम का उभारेल, आणि पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर का अवलंबून राहणार नाही? गावपातळीवर फिरतं आरक्षण कसं चालतं हे आम्ही पाहतोच. प्रश्न खरा होता.

तरी त्यांच्या मताशी मी सहमत नाही. पायऱ्या चढू न देणाऱ्या घरात दार उघडं आहे एवढं सांगून भागत नाही. पण १८६ जणांसमोर एकट्याने हात वर करायला जे लागतं ते त्यांच्यापाशी होतं. पुढची निवडणूक डोळ्यासमोर ठेवणारा माणूस हे करत नाही. धागालेखक दादा, तुमच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे. लोकांना न आवडणारं बोलायचं आणि त्यांचीच मतं मागायची, हे दोन्ही एकाच माणसाला जमणं फार कठीण.

गोदाकाठ

ताई, पिठाच्या डब्यामागचा सातबारा वाचून थांबलो. आमच्या आजीच्या नावावरही असाच एकरभर तुकडा आहे, आता त्याचं मोल कळलं.

कलम_१९

वकिली करतो, म्हणून एका बाजूची माहिती जोडतो जी राजकीय चर्चेत सहसा येत नाही.

आपल्या देशात उदारमतवादी पक्ष नोंदवायचा असेल तर त्याला पहिल्याच पानावर स्वतःच्या विचाराविरुद्ध लिहून द्यावं लागतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९क. १९८८ च्या दुरुस्तीने आलं, १९८९ पासून लागू. पक्षाच्या घटनेत असं लिहिलेलं पाहिजे की हा पक्ष समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा बाळगेल. समाजवादाला विरोध हाच ज्याचा जन्महेतू, त्याने समाजवादाची शपथ घ्यायची, नाहीतर नोंदणी नाही.

स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्रातल्या काही मंडळींनी १९७४ चं विलीनीकरण मानलं नव्हतं. त्यांतले एस. व्ही. राजू हे पक्षाचे जुने कार्यकारी सचिव. त्यांनी या अटीविरुद्ध १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. आम्ही खोटी शपथ घेणार नाही, आणि शपथ न घेता आम्हाला निवडणूक लढवू द्या, एवढीच मागणी. याचिका वर्षानुवर्षं पडून राहिली. राजू २०१५ ला गेले. शरद जोशींनीही राज्यसभेत असताना ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं.

घटनासमितीत नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शहांनी 'समाजवादी' शब्द घालायची दुरुस्ती सुचवली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. देशाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी त्या त्या काळात ठरवावं, घटनेने ते आधीच बांधून ठेवलं तर लोकशाहीच संपते, असा त्यांचा मुद्दा. शब्द सरनाम्यात आला तो आणीबाणीत, बेचाळिसाव्या दुरुस्तीने. नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द काढायच्या याचिका फेटाळल्या, कारण त्यांच्या मते इथे समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य, खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही. निकाल मान्य. पण सरनाम्यातला शब्द आणि पक्षाकडून घेतलेलं प्रतिज्ञापत्र यात फरक आहे. नागरिकाला समाजवाद नको असण्याचा हक्क आहे आणि त्या नागरिकांनी मिळून पक्ष काढायचा नाही, हे मला वकील म्हणून आणि माणूस म्हणून पटत नाही.

सहकारवाला

@कलम_१९ हे मला माहीत नव्हतं. मी समाजवादाच्या बाजूचा माणूस, पण कोणाकडून अशी शपथ घ्यावी हे मलाही बरोबर वाटत नाही. मत मिळवून हरवा, दारातच अडवू नका.

नवा_सातबारा

मी तिशीतला, एफपीओ (शेतकरी उत्पादक कंपनी) चालवतो, नाशिक जिल्ह्यात. संघटनेचा सुवर्णकाळ पाहिला नाही, पण २०२० पाहिलं. त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जून २०२० ला केंद्राने तीन अध्यादेश काढले. बाजार समितीबाहेर विक्रीला मुभा, करार शेती, आणि आवश्यक वस्तू कायद्यातून कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया जवळजवळ बाहेर. शरद जोशी ज्यासाठी आयुष्यभर भांडले त्यातलं बरंचसं कागदावर आलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या कार्यकर्त्यांनी पेढे वाटल्याचे फोटो टाकले होते.

१४ सप्टेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली. त्याच महिन्यात संसदेत कायदे मंजूर होत होते. ऑक्टोबरात व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा आली, घाऊकला २५ टन, किरकोळला २ टन. कांदाचाळीत माल भरून ठेवलेल्या माणसाला मी काय सांगणार होतो, की आता तू स्वतंत्र झालास? बाजारात व्यापारी म्हणायचे, मर्यादा आहे, माल घेऊन ठेवणार कुठे. ट्रॉली परत न्यायची तर डिझेल अंगावर.

मग दिल्लीच्या सीमेवर आंदोलन, सर्वोच्च न्यायालयाची समिती. त्या समितीत स्वतंत्र भारत पक्षाचे अनिल घनवट होते. मार्च २०२१ ला अहवाल दिला, कोर्टाने उघड केला नाही, वर्षभराने घनवटांनी स्वतःच प्रसिद्ध केला. समितीशी बोललेल्या ७३ शेतकरी संघटनांपैकी ६१ कायद्यांच्या बाजूने होत्या असं त्यात आहे. पण तोवर कायदे मागे घेऊन झाले होते.

माझा निष्कर्ष सांगतो. शेतकऱ्याला स्वातंत्र्य नको आहे असं मुळीच नाही. त्याचा भरवसा नाही. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने तीन महिन्यांत काढून घेतलेलं त्याने पाहिलं. हमीभावाचा आकडा तरी दरवर्षी छापून येतो.

आणि मताचं म्हणाल तर ८ डिसेंबर २०२३ ला परत निर्यातबंदी आली, लोकसभेच्या ऐन धामधुमीत ४ मे २०२४ ला उठली. दिंडोरी आणि नाशिक दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. कांद्याने मत दिलं, अगदी ठरवून दिलं. पण ते समोरच्या मोठ्या पक्षाला गेलं, ज्याच्या काळातही कांद्यावर बंद्या होत्याच. कारण पाडायचं असेल तर जो पाडू शकतो त्यालाच द्यावं लागतं. आपल्या निवडणूक पद्धतीत लहान पक्षाला दिलेलं मत शेतकरी वाया गेलेलं समजतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

वर्धाकाठ

नवा_सातबारा, तुम्ही तर माझ्या नाक्याचा पुढचा भाग लिहिलात. नाका आमदाराच्या हातातला होता. योजना राज्याची, विधानसभेत ओरडून उपयोग होता, चटपांनी ते वर्षानुवर्षं केलं. निर्यातबंदी दिल्लीची. आमदार निवडून देऊन ती उठत नाही, हे मतदाराला आपल्यापेक्षा आधी कळतं. जोशीसाहेब राज्यसभेत गेले तेही युतीच्या पाठिंब्यावर, थेट लोकांच्या मतावर त्यांना जाता आलं नाही.

उन्हाळ कांदा (धागालेखक)

सगळ्यांचे आभार. माझं सुरुवातीचं म्हणणं चुकीचं होतं असं आता वाटत नाही, पण त्यात दोन गोष्टी जोडायला हव्यात: बंधन डोळ्याला दिसलं पाहिजे, आणि ते उठवणं त्या निवडणुकीतल्या उमेदवाराच्या हातात असलं पाहिजे. राजुऱ्यात दोन्ही होतं.

मग आज हे दोन्ही कुठे आहे? मला तरी बाजार समितीत दिसतं. वजनाला लावलेली कपात, हमालीचा हिशोब, लिलाव बंद ठेवायचे दिवस, हे सगळं रोज डोळ्यासमोर असतं आणि ठरतं तालुक्यातच. अडचण एवढीच की तिथे मतदार मुख्यतः विकास सोसायट्यांचे (गावोगावच्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांचे) संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य. माल घेऊन जाणाऱ्याला थेट मत नाही. म्हणजे आधी सोसायटी जिंकायला हवी. आमच्या गावच्या सोसायटीची निवडणूक पुढच्या वर्षी आहे. तिघाचौघांशी बोललोय. पॅनल करायचं म्हणतोय, पक्षाचं नाव लावून.

वर्धाकाठ

नाव लावूनच करा. आणि जाहीरनाम्यात पाचच गोष्टी लिहा, सोसायटीला स्वतः करता येतील अशा. कर्जाची यादी भिंतीवर लावणार, खताबरोबर दुसरा माल सक्तीने जोडून विकणार नाही, अशा. माझ्याकडे आमच्या जुन्या पॅनलचं पत्रक आहे, फोटो काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

चांदवडची लेक

पॅनलमध्ये बायकांच्या राखीव दोन जागांवर थांबू नका. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्या सगळ्यांना सभासद करून घ्या, अर्ज आत्ताच भरा. मतदार यादी बंद झाल्यावर उपयोग नाही.